सिंधूकाठचा माणूस

इटलीचा महाकवी दान्ते १३२१ साली वारला. त्याच्या 'डिव्हाइन कॉमेडी'त स्वर्गाच्या खंडात एक जागा आहे, ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. दान्ते स्वर्गात पोहोचला आहे आणि कित्येक वर्षं मनात कुरतडणारा प्रश्न त्याला तिथेही सोडत नाही. सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मतो. तिथे ख्रिस्ताबद्दल सांगणारा कोणी नाही, वाचून दाखवणारा नाही, लिहिणाराही नाही. माणूस मात्र सरळ आहे, त्याच्या मनात किंवा वागण्यात खोट नाही. तो बाप्तिस्म्याविना मरतो. मग त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कसला? त्याचा अपराध तरी कोणता?

दान्तेने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. जगाच्या पार टोकाचा माणूस हवा म्हणून त्याला सिंधूकाठ सुचला. (केरळात ख्रिस्ती मंडळी त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून नांदत होती, ते वेगळं.) पण हाच प्रश्न आपल्या बाजूने वाचून पाहा. युरोपच्या धर्मपंडितांनी ज्या दूरच्या माणसाचं काय होणार यावर शतकानुशतकं डोकं शिणवलं, तो आपला खापरपणजोबा आहे!

म्हणूनच या वादाची खरी जागा मला यवतमाळात दिसते. १९५३ साली तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. तिच्या आधीपासून त्या भागात फ्री मेथडिस्ट मिशनचं काम होतं. वेगवेगळ्या प्रांतांतले, वेगवेगळ्या पंथांतले तरुण पाळक होण्यासाठी विदर्भातल्या या कापसाच्या गावी येऊन राहत. १९८३ साली संस्था पुण्याला हलली. पण तीस वर्षं इथे धर्मशास्त्र शिकवलं गेलं, तेही अशा जिल्ह्यात जिथे कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. आजोबा गावदेवाला कोंबडं वाहत आणि वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, अशा घरातून आलेल्या मुलाला सिंधूकाठचा माणूस कल्पनेने उभा करावा लागत नाही. त्याला आजोबांचा चेहरा आठवतो.

पेच बायबलातच आहे. तारण दुसऱ्या कोणाच्याही नावाने नाही, असं पेत्र यरुशलेमात ठासून सांगतो. ऐकलंच नाही तर विश्वास कसा ठेवणार आणि सांगणाराच नसेल तर ऐकणार कसे, असं पौल रोमकरांना विचारतो. पण त्याच पत्रात तोच पौल म्हणतो की, ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही हृदयावर ते कोरलेलं असतं आणि सदसद्विवेकबुद्धी साक्ष देते. सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे, असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात येतं. शिवाय अब्राहाम आणि ईयोब यांनी येशूचं नाव कुठे ऐकलं होतं? तरीही ते देवाचेच मानले गेले.

दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत जस्टिन मनाने मोठा. ज्यांनी विवेकाने आयुष्य काढलं ते सगळे ख्रिस्ताचेच, असं म्हणून त्याने सॉक्रेटिसलाही आपल्यात घेतलं. पुढे दारं मिटत गेली. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने, जे मरण्यापूर्वी चर्चमध्ये येणार नाहीत ते सगळे नरकाग्नीत जातील, असं लिहून ठेवलं. पन्नास वर्षांनी कोलंबस अमेरिकेला पोहोचला आणि ज्यांच्यापर्यंत कोणी उपदेशक पोहोचणंच शक्य नव्हतं अशी माणसं एका झटक्यात डोळ्यांसमोर उभी राहिली. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच रानात वाढलेल्या माणसाचा विचार करून ठेवला होता. तो माणूस विवेकाला जागून वागला, तर देव त्याला आतून उमज देईल किंवा त्याच्याकडे कोणाला तरी धाडील. उत्तर दयाळू आहे, पण मला ते अपुरं वाटतं. कोणी न येताच जे मेले त्यांच्या नातवंडांना ते काय सांगणार?

ही नातवंडं प्रत्यक्ष बोलली, त्याची नोंद आहे, आणि ती नोंद करणाऱ्याचा देह आपल्या शेजारी, जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला गेला. परतल्यावर १५५२ च्या जानेवारीत त्याने कोचीनहून युरोपातल्या सहकाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. देव इतका दयाळू होता तर आमच्या वाडवडिलांना त्याने हे आधी का कळवलं नाही, असं तिथल्या लोकांनी त्याला विचारलं होतं. त्याने पौलाचंच उत्तर दिलं. डोंगरात एकट्याने वाढलेल्या माणसालाही खून आणि चोरी वाईट हे कोणी न शिकवता कळतं, तेव्हा देवाचा नियम सगळ्यांकडे आधीपासून होताच. ते लोकांना पटलं. मग पुढचा प्रश्न आला. दानधर्माने, प्रार्थनेने आमच्या मेलेल्यांना सोडवता येईल का? नाही, म्हणाला झेवियर. नवे ख्रिस्ती रडू लागले. आईबाप, बायकामुलं, मित्र गेलेले, आणि आता त्यांच्यासाठी काही करता येत नाही. त्यांचं रडणं पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, हे त्याने लपवलं नाही. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या मुलखात वाढलेल्या कोणालाही त्या रडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

रोमन कॅथलिक चर्चची भाषा बदलली ती १९६४ साली. २१ नोव्हेंबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की, स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. दोन आठवडेही झाले नव्हते तोच पोप सहावे पॉल मुंबईत होते. भारतात आलेले ते पहिलेच पोप. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी असत्यातून सत्याकडे नेण्याची उपनिषदातली प्रार्थना म्हटली. फ्लॉरेन्सपासून मुंबईपर्यंत ५२२ वर्षं लागली.

यवतमाळची परंपरा प्रोटेस्टंट, इव्हॅन्जेलिकल. पोपचा शब्द तिथे प्रमाण नाही, आणि तारण फक्त ख्रिस्तामुळे यावर तडजोडही नाही. पण ज्याने ऐकलं नाही त्याचं काय, यावर जगभरचे इव्हॅन्जेलिकल अजून एकमत नाहीत. ऐकून विश्वास ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही, असं बरेच जण मानतात. कॅनडाच्या क्लार्क पिनॉकने देवाची दया याहून रुंद असल्याचं मांडलं. इंग्लंडच्या जॉन स्टॉटने १९८८ साली सरळ लिहिलं की, हे आपल्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव आणू नये. ज्याच्या शब्दावर जगभरचे पाळक विसंबत, त्याने हे म्हणावं, याचं मला मोल वाटतं.

मला सगळ्यांत भिडतात ते नारायण वामन टिळक. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना पकडलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते सांगत की, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. हिंदू संतांची वाणी हा त्यांच्या लेखी आपला पहिला जुना करार होता.

इथे प्रश्नच उलटा होतो. तुकोबांचं तारण झालं का, हा मिशनऱ्याचा प्रश्न. टिळकांचा अनुभव असा की, तुकोबा नसते तर ते स्वतःच पोहोचले नसते. ज्याने ऐकलं नाही त्याच्यामुळे ज्याने ऐकलं त्याला ऐकू आलं! दान्तेच्या सिंधूकाठच्या माणसाला इतक्या शतकांत कोणी असं स्थान दिलेलं माझ्या वाचनात नाही. आणि टिळक विचारावर थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना एका पंक्तीत जागा दिली.