ट्रिगरचं ‘वजन’ म्हणजे काय?

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. जालना, अंबड, परतूरकडची मुलंही आता एअर रायफल हाती घेतात, आणि पहिला सल्ला कानावर येतो: ‘ट्रिगर हलका करून घे, नेम बसेल.’

ट्रिगरचं वजन म्हणजे त्या सुट्या भागाचं वजन नव्हे. गोळी सुटेपर्यंत बोटाला लावावा लागणारा जोर ग्रॅममध्ये मोजतात. तेच हे वजन. सायकलचा ब्रेक दाबताना दांडा आधी सैल सरकतो, मग अडतो आणि तिथून पकड सुरू होते. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्येही आधी मोकळी चाल (गोळी न सुटता सरकणारं अंतर), मग अडकण आणि थोड्या जास्त जोराने सुटका.

हलकेपणाने नेम सुधारतो, हा समज अपुरा आहे. नेम हलतो तो बोटाच्या झटक्याने. म्हणून ट्रिगर दरवेळी त्याच जागी, त्याच जोराला सुटणं महत्त्वाचं. स्पर्धेच्या नियमांत 10 मीटर एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही. एअर पिस्तुलाला मात्र 500 ग्रॅमची आहे.

तरीही ट्रिगर बदलायचाच असेल, तर स्वस्त ट्रिगर घेताना तो आपल्याच रायफलच्या मॉडेलचा आहे ना, जोर कमीजास्त करता येतो का, हे पाहावं. फार हलका केलेला ट्रिगर धक्क्यानेही सुटू शकतो, म्हणून तो घरी बसवू नये. परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती आणि बदल तर शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवानाधारक कारागिरानेच करायचे असतात.