घरावर, पगारावर, की साबणावर?

दिवाळीच्या सामानाची पावती शहाण्या माणसाने फार खोलात जाऊन वाचू नये. पण तीस-बत्तीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत डोके घातलेल्या माणसाची खोड जाते थोडीच! पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी असतात. एक केंद्राचा कर, दुसरा राज्याचा. दोन्ही जुळ्या भावांसारखे सारखे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचे तेल आणि टूथपेस्ट यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे अभ्यंगस्नान स्वस्त झाले. आमच्या सौ. खूष. माझ्या मनात मात्र भलतीच शंका : साबणावरचे हे जे पैसे तिजोरीत कमी पडणार, ते राज्य सरकार आता कोणाकडून घेणार?

माणसाकडून पैसे घ्यायच्या वाटा मुळी तीनच. तो कमावतो तेव्हा घ्या, खर्च करतो तेव्हा घ्या, किंवा त्याने जे साठवून ठेवले आहे—घर, जमीन—त्यावर घ्या. यांपैकी पहिली वाट आपल्या राज्यांना जवळजवळ बंद आहे. प्राप्तिकर घटनेने केंद्राकडे दिला. त्याचा वाटा वित्त आयोगामार्फत राज्यांना मिळतो. शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा हक्क राज्यांना आहे खरा, पण शेतकऱ्याच्या मताला हात लावायची छाती कोणाची?

पगारावर राज्याचा म्हणावा असा एकच कर, तो म्हणजे व्यवसायकर. आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तोच हा. किती लोकांना ठाऊक असेल, की या क्षुल्लक वाटणाऱ्या कपातीला एक मोठा इतिहास आहे? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लक्षावधी माणसे खडी फोडीत होती. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर हा कर बसला. शहरातल्या कारकुनाने खेड्यातल्या मजुराच्या भाकरीसाठी महिन्याला चार पैसे द्यायचे, असा तो व्यवहार होता. मला तर तो आपल्या राज्याने केलेला सर्वांत सभ्य करव्यवहार वाटतो. परंतु घटनेने त्याला मर्यादा घातली : वर्षाला २५० रुपये, १९८८ पासून २५०० रुपये. त्यानंतर मर्यादा जागची हललेली नाही. त्यामुळे महिना बारा हजार मिळविणारा शिपाई आणि बारा लाख मिळविणारा त्याचा साहेब, दोघेही वर्षाला तेवढेच अडीच हजार भरतात!

मग राज्याने स्वतःचा खराखुरा प्राप्तिकर का लावू नये? अमेरिकेतली बरीच राज्ये लावतात. पण तिथलीच एक गंमत ऐका. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा कर नाही आणि शेजारच्या ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही. मध्ये कोलंबिया नदी. चतुर माणूस नदीच्या उत्तरेला राहून नोकरी करतो आणि खरेदीला पूल ओलांडून पोर्टलंडला येतो. उद्या महाराष्ट्राने पगारावर पाच टक्के लावले आणि गुजरातने लावले नाहीत, तर किती कचेऱ्या अहमदाबादची गाडी पकडतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

म्हणून राज्यांनी पहिल्यापासून दुसरी वाट धरली. १९३९ साली मद्रासेत राजाजींनी दारूबंदीमुळे पडलेली खोट भरून काढायला सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई प्रांतात तो १९४६ साली आला. २००५ मध्ये त्याचे मूल्यवर्धित कर असे बारसे झाले, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कराने तो बहुतेक गिळला. पेट्रोल-डिझेल आणि दारू एवढीच खास राज्याच्या हाती उरली. त्याच दिवशी मुंबईची जकातही गेली. मी मुलुंडचा रहिवासी. जकात नाक्यावर रात्ररात्र खोळंबलेल्या ट्रकांची रांग, चुलीवर चहा उकळणारे क्लीनर, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. ती रांग गेली याचे कोणाला दुःख नसावे. पण महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्नही तिच्याबरोबर गेले, आणि आज ती भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे पाहते.

खरेदीवरच्या कराचा गुण असा की तो दिसत नाही. दोषही तोच. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई साबणावर माझ्याइतकाच कर भरतात. समजा, महिन्याला त्यांचे पंधरा हजार येतात आणि पंधराच्या पंधरा खर्च होतात. माझे निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून साठ येतात, त्यांतले तीस मी बँकेत ठेवतो. त्यांच्या प्रत्येक रुपयाला कराची झळ लागते, माझ्या निम्म्याच रुपयांना. खुले धान्य आणि भाजीपाला करमुक्त आहे म्हणून बरे. तरी अन्याय तो अन्यायच. शिवाय बाजार बंद पडला की हा कर आटतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत देशभरचा वस्तू व सेवा कर जेमतेम ३२ हजार कोटींवर आला होता. आदल्या एप्रिलमध्ये तो एक लाख कोटींच्या वर होता.

राहता राहिले घर. घर पळून जात नाही, लपवता येत नाही, नदीपलीकडे नेता येत नाही. त्याच्या दारापर्यंत मेट्रो आली की मालकाने बोटही न हलवता किंमत वाढते. राज्य मात्र घराला गाठते ते विक्रीच्या वेळीच, मुद्रांक शुल्कासाठी. म्हणजे गरजेपायी घर बदलणाऱ्याला दंड आणि चाळीस वर्षे बसून राहिलेल्याला सूट! वार्षिक घरपट्टी महापालिकेकडे जाते, आणि तिचीही आपण दैना केली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यावर आकारणी असल्याने पट्टीही गोठली. भांडवली मूल्यावर आकारणी २०१० पासून आली. पुढे २०२२ साली मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पूर्ण माफी मिळाली.

माझे घर ४६० चौरस फुटांचे. मला एक पैसा भरावा लागत नाही. तरीही म्हणतो, ही माफी चुकीची आहे. पाचशे फुटांचा मापदंड श्रीमंती-गरिबी ओळखत नाही. मलबार हिलवरचे चिमुकले घर आणि मानखुर्दचे घर त्याला सारखेच. साबणावर कर ठेवायचा आणि कोटीच्या घरावर सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

हे मी पार्ल्याच्या मावशींना सांगितले, तेव्हा त्या उसळल्याच. वय ब्याऐंशी, काकांचे कुटुंब-निवृत्तिवेतन तुटपुंजे, घर साडेसहाशे फुटांचे. घराची किंमत दोन कोटींच्या पुढे. "अरे, पण भिंती का शिजवून खाऊ? ते दोन कोटी मला कधी दिसले?" आक्षेप बिनतोड होता. घरपट्टी वाढवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने मावशींना उत्तर द्यायला हवे.

उत्तर आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आणि ओरेगॉनमध्ये वृद्ध घरमालकांना घरपट्टी पुढे ढकलता येते. रक्कम घराच्या नावे चढत जाते, थोडे व्याज लागते, आणि घर विकले जाईल किंवा वारसाकडे जाईल तेव्हा वसूल होते. हयातीत कोणी दारात येत नाही. मी मावशींना ही योजना नीट समजावून सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी नाही भरायचे? माझ्यामागे न्यू जर्सीतल्या आमच्या चिरंजीवांनी भरायचे?"

"तसेच म्हणा."

"मग वाढवू देत हो खुशाल," मावशी म्हणाल्या आणि चकलीची बशी माझ्यापुढे सरकवली.