मोटरीस धाडलेला निरोप

कारखान्यांतील पंप, पंखा किंवा माल वाहणारा पट्टा फिरविणारी मोटर आतां पुष्कळदां विजेच्या तारांस थेट जोडलेली नसते. मध्यें ड्राइव्ह बसविलेला असतो. विजेची वारंवारता कमी-अधिक करून तो मोटरीचा वेग ठरवितो. चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटास १५०० फेऱ्यांच्या आसपास फिरते, २५ हर्ट्झवर ७५० च्या. कोणत्या वेळीं किती वेग ठेवावा, हा हुकूम दूरच्या नियंत्रकाकडून दोन तारांवरून, एकामागून एक जाणाऱ्या बिटांच्या रूपानें येतो. अशा निरोपांच्या रचनेच्या पद्धती अनेक आहेत. त्यांपैकीं अमेरिकेंतील मॉडिकॉन कंपनीनें १९७९ सालीं प्रसिद्ध केलेली ‘मॉडबस’ ही पद्धत आजहि जगभर चालते, आणि तिचा ‘आरटीयू’ हा प्रकार ड्राइव्हमध्यें नेहमीं आढळतो.

ही बोली साधी खरी; पण ती जेथें बोलावयाची तें ठिकाण शांत नव्हे. ड्राइव्ह आपल्या पोटांत वीज सेकंदास हजारों वेळां तोडतो व जोडतो, आणि त्या झटक्यांचा विद्युत्-गोंगाट शेजारच्या तारांत शिरतो. म्हणजे ज्यानें निरोप ऐकावयाचा, तोच सर्वांत मोठा गलका करीत असतो! यासाठीं आरएस-४८५ ह्या जोडणींत दोन तारा एकमेकींस पिळून नेतात व त्यांच्या दाबांतील फरक तेवढा वाचतात. गोंगाट दोहोंवर सारखाच पडला तर फरक ढळत नाहीं. तरीहि एखादा बिट केव्हां तरी उलटतोच.

श्रोत्यांनीं असें समजावें कीं, ७ क्रमांकाच्या ड्राइव्हला २५ हर्ट्झ ठेवण्यास सांगावयाचें आहे. निरोप आठ बाइटांचा होतो. पहिल्या बाइटांत पत्ता, ७. दुसऱ्यांत काम, ६. त्याचा अर्थ ‘एका कप्प्यांत आंकडा लिहावा’. पुढील दोहोंत कप्प्याचा क्रमांक, नंतरच्या दोहोंत आंकडा आणि अखेरच्या दोहोंत ताळा. कोणत्या कप्प्यांत काय असतें हें मॉडबस सांगत नाहीं. तें निर्मात्याच्या पुस्तिकेंतच पाहावें लागतें. कप्प्यांत पूर्णांकच मावतात, म्हणून कित्येक ड्राइव्ह हर्ट्झचे शंभरावे भाग मोजतात. मग २५ हर्ट्झ म्हणजे २५००. एका बाइटांत २५५ हून मोठा आंकडा बसत नाहीं, म्हणून २५०० चे ९ आणि १९६ असे दोन तुकडे होतात, कारण ९ गुणिले २५६, अधिक १९६ म्हणजे २५००. आंकड्याचा मोठा तुकडा आधीं जातो. ताळ्याचा मात्र लहान तुकडा आधीं. ह्या उलटसुलट क्रमापायीं नवशिके हैराण होतात.

आतां वाटेंत त्या ९ मधील एकच बिट उलटून १३ झाले, तर आंकडा ३५२४ होईल, म्हणजे ३५.२४ हर्ट्झ. ७५० फेऱ्यांच्या जागीं हजारांहून अधिक! शिवाय ३५ हर्ट्झ हा कांहीं अशक्य वेग नव्हे. ड्राइव्हला संशय येण्यास कारणच उरत नाहीं. येथें ताळा कामास येतो. गुणाकार पडताळण्यासाठीं नवांनीं भागून उरलेली बाकी ताडून पाहतात, त्याच जातीचा हा आहे. फक्त भागाकार द्विमान अंकांत, हातचा न धरतां करावयाचा, व बाकी सोळा बिटांची. पाठविणारा ती निरोपास जोडतो, ऐकणारा पुन्हां काढून पाहतो. एक बिट उलटला, किंवा लागोपाठच्या सोळांच्या आंत कितीहि बिघडले, तरी बाकी जुळूं शकत नाहीं. ताळा चुकला कीं ड्राइव्ह निरोप टाकून देतो व गप्प बसतो. चूक पत्त्यांतच असूं शकते. भलत्यानें उत्तर देण्यापेक्षां कोणीच न दिलेलें बरें. नियंत्रक कांहीं वेळ वाट पाहून पुन्हां विचारतो.

निरोप कोठें संपला हें दाखविणारें चिन्ह ह्या बोलींत नाहीं. ० पासून २५५ पर्यंतचा प्रत्येक आंकडा मजकुरांतच येऊं शकतो, मग विरामासाठीं राखावा कोणता? म्हणून तें काम शांततेकडे दिलें आहे. साडेतीन बाइटांस लागणाऱ्या वेळाइतकी शांतता पडली कीं निरोप पुरा झाला. सेकंदास ९६०० बिटांच्या गतीनें ही शांतता सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारें चौपट भरते.

हुकूम मान्य झाल्यास ड्राइव्ह तेच आठ बाइट परत धाडतो. नीट ऐकूं येऊनहि पाळतां न आल्यास कामाच्या आंकड्यांत १२८ मिळवून, ६ च्या जागीं १३४ म्हणतो व कारण सांगतो : २ म्हणजे तसा कप्पा नाहीं, ३ म्हणजे आंकडा चालणार नाहीं. मान्यतेचा अर्थ मात्र आंकडा लिहून घेतला एवढाच. मोटर खरोखर त्या वेगानें फिरते कीं नाहीं, हें ३ क्रमांकाच्या कामानें निराळा कप्पा वाचून पाहावें लागतें.

मोटर फिरत असतां तारच तुटली तर? नियंत्रकाला उत्तरें येणें थांबतें. पण ड्राइव्हच्या लेखीं कांहींच घडलेलें नसतें. निरोपाविना त्यानें किती वेळ काढावा, याची अट मॉडबसच्या नियमांत नाहीं. शेवटचा हुकूम २५ हर्ट्झचा, म्हणून मोटर फिरतच राहते, आणि ‘थांब’ हा हुकूम पोहोंचण्यास वाट उरत नाहीं. यासाठीं बहुतेक ड्राइव्हमध्यें मुदत घालून देण्याची सोय असते : इतक्या सेकंदांत निरोप न आल्यास थांबावें, इशारा द्यावा, कीं तसेंच चालूं ठेवावें. ही निवड यंत्र बसविणाऱ्यानें करावयाची असते. भट्टी थंड राखणारा पंखा चालूं राहिलेला बरा. माल चढविणारा पट्टा थांबलेला बरा. आणि माणसाचा हात अडकल्यास दाबावयाचें तांबडें बटण ह्या दोन तारांच्या भरंवशावर ठेवूं नये. त्याची तार निराळी नेलेली असावी.