छतावरील घरगुती सौरऊर्जा : संकेतस्थळावरील अंदाज व पुरवठादाराचे दरपत्रक यांतील तफावतीची मीमांसा (विशेष संदर्भ : अहिल्यानगर जिल्हा)

प्रस्तावना

घरगुती वीज हा दीर्घकाळ ग्राहकाच्या निवडीचा विषय नव्हता. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था २०११ च्या प्रारंभापर्यंत वीजवितरण करीत होती. त्यानंतर हे क्षेत्रही महावितरणकडे आले. मात्र संस्था असो वा महावितरण, एका गावातील ग्राहकाला पुरवठादार एकच होता. मुंबईत २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ग्राहकाला दोन कंपन्यांपैकी एक निवडण्याची वाट मोकळी झाली. जिल्ह्यातील ग्राहकाला ती कधीच उपलब्ध नव्हती. त्यामुळे 'विजेच्या दरपत्रकांची तुलना' ही क्रियाच येथे अपरिचित होती.

ही स्थिती छतावरील सौरऊर्जेने पालटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू झाली. एक कोटी कुटुंबे हे तिचे लक्ष्य असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर करण्यात आली. आता कुटुंब प्रथम संकेतस्थळावरील गणकात आपली माहिती भरते, अपेक्षित खर्च व बचत पाहते आणि त्यानंतर दोन-तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागविते. ही दरपत्रके गणकाच्या आकड्याशी जुळत नाहीत, तसेच परस्परांशीही जुळत नाहीत. 'कोणीतरी फसवीत आहे' असा निष्कर्ष यातून सहज काढला जातो. तो काही वेळा खरा असेलही. परंतु तफावतीचा बराच भाग दोन आकड्यांमागील गृहीतकांच्या भिन्नतेतून निर्माण होतो. ही गृहीतके स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अंदाज आणि दरपत्रक : स्वरूपातील भेद

गणकाला साधारणपणे राज्य, ग्राहकाचा वर्ग, मासिक वीजबिल अथवा छताचे क्षेत्रफळ एवढीच माहिती पुरविली जाते. उर्वरित सर्व बाबी तो सरासरीने भरून काढतो. दरपत्रक मात्र विशिष्ट छत, विशिष्ट साहित्य आणि विशिष्ट दिवसाचा बाजारभाव यांवर आधारलेले असते. पहिला आकडा 'सर्वसाधारण घराचा' असतो, तर दुसरा 'या घराचा'.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये वीज व गॅस कंपन्यांच्या दरांची तुलना करणारी संकेतस्थळे दीर्घकाळ प्रचलित आहेत. तेथील नियामक संस्था ऑफजेमने २०२३ मध्ये सर्वसाधारण कुटुंबाचा वार्षिक वीजवापर २,७०० युनिट मानला आणि जाहीर होणारी वार्षिक बिलाची कमाल मर्यादा अशा गृहीत वापरावरच मोजली जाऊ लागली. वास्तविक मर्यादा प्रतियुनिट दरावर व स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नसते. जास्त वीज वापरणाऱ्या कुटुंबाचे बिल जाहीर आकड्याहून अधिक येते आणि त्यात नियमभंग होत नाही. सरासरीला वचन समजण्याची चूक दोन्हीकडे सारखीच आहे.

तफावतीची प्रमुख कारणे

१) अनुदानाची रचना : योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रतिकिलोवॉट ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये अनुदान आहे. तीन वा अधिक किलोवॉटसाठी कमाल अनुदान ७८,००० रुपये होय. हे आकडे शासनाने मानलेल्या आधारभूत किमतीवरून आलेले आहेत : पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ५०,००० रुपयांच्या ६० टक्के आणि तिसऱ्यासाठी ४५,००० रुपयांच्या ४० टक्के. म्हणजे तीन किलोवॉटची आधारभूत किंमत १,४५,००० रुपये व अनुदान वजा जाता ग्राहकाचा वाटा ६७,००० रुपये.

येथे एक महत्त्वाची बाब दुर्लक्षिली जाते. अनुदान प्रत्यक्ष किमतीच्या टक्केवारीने वाढत नाही. आधारभूत किमतीच्या वर जाणारा प्रत्येक रुपया संपूर्णपणे ग्राहकाच्याच खिशातून जातो. शिवाय अनुदान संच कार्यान्वित झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून दरपत्रक बहुधा पूर्ण रकमेचे असते आणि अंदाज अनुदान वजा केलेला असतो. कोणता आकडा कोणत्या अवस्थेतील आहे, हे पाहिल्याशिवाय तुलना निरर्थक ठरते.

२) कर : दरपत्रकाच्या तळाशी 'कर वेगळा' असा उल्लेख असल्यास अंतिम रक्कम बदलते. उभारणीसह सौरसंचाच्या करारात ७० टक्के मूल्य वस्तूंचे व ३० टक्के सेवेचे मानले जाते. वस्तूंवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. सेवेवरील १८ टक्के कायम राहिला. त्यामुळे एकत्रित भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आला. उदाहरणादाखल, करापूर्वी १,८०,००० रुपयांचे दरपत्रक गृहीत धरल्यास जुन्या दराने एकूण रक्कम २,०४,८४० रुपये व नव्या दराने १,९६,०२० रुपये होते. केवळ तारखेमुळे ८,८२० रुपयांचा फरक पडतो.

३) साहित्य व क्षमता : अनुदानासाठी पॅनेल भारतात तयार झालेले असणे व त्यातील सौरघटही भारतीय असणे आवश्यक आहे. व्यवहारात ही अट 'डीसीआर' या नावाने ओळखली जाते. अशी पॅनेल तुलनेने महाग असतात. म्हणून विशेष स्वस्त दरपत्रक हाती आल्यास त्यात ही अट पाळली आहे काय, हे प्रथम तपासावे. अन्यथा वाचलेली रक्कम अनुदान गमावून कित्येक पटीने भरावी लागते. तसेच 'तीन किलोवॉट' हे बऱ्याचदा बोलीभाषेतील माप असते. ५४० वॉटची सहा पॅनेल ३.२४ किलोवॉट होतात, पाच पॅनेल २.७ किलोवॉटच भरतात. अनुदानासाठी पॅनेल व इन्व्हर्टर यांपैकी कमी असलेली क्षमता धरली जाते.

४) छत व स्थानिक परिस्थिती : क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या अतिपावसाचा, तर कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेतील. राज्याच्या सरासरी सूर्यप्रकाशावर केलेला अंदाज या दोहोंना सारखाच लागू पडणार नाही. पारनेर तालुक्यात सुप्याजवळील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत; अशा वाऱ्याच्या प्रदेशात पॅनेलचा सांगाडा अधिक भक्कम लागतो. पत्र्याचे छत, पाण्याची टाकी टाळण्यासाठी उंच केलेला सांगाडा, मीटरपर्यंतच्या केबलची लांबी, अर्थिंग आणि तडितरोधक यांचा खर्च घरागणिक बदलतो. गणकाला यातील काहीही दिसत नाही.

५) उत्पादन : एक किलोवॉट संच दिवसाला सरासरी सुमारे चार युनिट वीज देतो, या ठोकताळ्याने तीन किलोवॉटचे मासिक उत्पादन ३६० युनिट होते. परंतु पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते व त्यापुढील प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. एप्रिल-मे महिन्यांत पॅनेलचे तापमान ६० अंशांपर्यंत गेल्यास सुमारे १२ टक्के घट संभवते. धूळ, झाडाची सावली, तसेच साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगामात साचू शकणारी राख यांचाही परिणाम होतो.

६) बचतीची गणना : महावितरणच्या घरगुती दररचनेत १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व ५०० हून अधिक युनिट असे टप्पे आहेत आणि दर टप्प्यागणिक चढत जातो. सौरविजेमुळे प्रथम वरच्या, महाग टप्प्यातील युनिट वाचतात. त्यामुळे पहिल्या किलोवॉटने होणारी बचत तिसऱ्याहून अधिक असते. सरासरी दराने केलेली गणना हा भेद पुसून टाकते : मोठा संच आहे त्याहून फायदेशीर भासतो व लहान संच कमी फायदेशीर. शिवाय स्थिर आकार वापर शून्य झाला तरी आकारला जातो. दरमहा उरलेले युनिट पुढील महिन्यात वळते होतात; परंतु आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटचा मोबदला घरगुती दराने नव्हे, तर नियामक आयोगाच्या नियमानुसार मिळतो. म्हणून 'बिल शून्य' हा शब्दप्रयोग सावधपणेच स्वीकारला पाहिजे.

तुलनेची योग्य पद्धत

वरील उदाहरणातील करासह १,९६,०२० रुपयांतून अनुदान वजा जाता ग्राहकाचा वाटा १,१८,०२० रुपये होतो. आधारभूत किमतीवरील ६७,००० रुपयांशी तुलना करता हा फरक ५१,०२० रुपयांचा आहे. वार्षिक बचत २०,००० रुपये गृहीत धरल्यास खर्च भरून निघण्यास पहिल्या स्थितीत सुमारे सहा वर्षे, तर दुसऱ्या स्थितीत साडेतीन वर्षांहून कमी काळ लागतो. कर्ज काढून संच बसविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. हप्ता मासिक बचतीतून फिटतो की पगारातून, हे त्यावरच ठरते.

म्हणून दरपत्रकांची तुलना पुढील समान पायावर करावी : (अ) सर्व करांसह एकूण रक्कम, (आ) पॅनेलची संख्या गुणिले वॉट या हिशेबाने प्रत्यक्ष क्षमता व प्रतिकिलोवॉट किंमत, (इ) डीसीआर अटीच्या पूर्ततेचा लेखी उल्लेख, (ई) सांगाडा, केबल, अर्थिंग व मीटरजोडणी समाविष्ट आहे की नाही, (उ) योजनेनुसार अपेक्षित असलेली पाच वर्षांची देखभाल, (ऊ) मागील बारा महिन्यांच्या बिलांवरून टप्पानिहाय काढलेली बचत. एका महिन्याचे बिल पुरेसे नाही, कारण उन्हाळ्यातील वापर वर्षाचे प्रतिनिधित्व करीत नाही.

समारोप

संकेतस्थळावरील अंदाज दिशा दाखवितो, किंमत ठरवीत नाही. तफावत आढळली म्हणून दरपत्रक अप्रामाणिक ठरत नाही आणि अंदाजाशी जुळले म्हणून ते योग्यही ठरत नाही. तफावतीचा प्रत्येक भाग कर, साहित्य, छत वा सेवा यांपैकी कोणत्या तरी कारणाशी जोडता आला पाहिजे. जो भाग कोणत्याही कारणाशी जोडता येत नाही, त्याविषयी पुरवठादाराला प्रश्न विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. शेतीच्या सौरवाहिनीचा प्रारंभिक प्रयोग याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत २०१७ मध्ये हाती घेण्यात आला होता. शेतीनंतर आता घराच्या छतावर आलेल्या या ऊर्जेचा लाभ किती मिळेल, हे सूर्यप्रकाशाइतकेच करारावर सही करण्यापूर्वी मांडलेल्या हिशेबावर अवलंबून राहील. तो हिशेब मांडण्याची सवय विद्यार्थ्यांना व पालकांना लावणे हे महाविद्यालयीन अर्थशास्त्र, वाणिज्य आणि भौतिकशास्त्र या विभागांना सहज शक्य असलेले कार्य आहे.