पद्मिनीचे इटालियन गोत्र

इटालियन स्पोर्ट्स कार म्हटली की आपल्याकडे फेरारीच आठवते. पण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मिरवलेली प्रीमियर पद्मिनीही त्याच घराण्यातली. मूळ गाडी फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला कारखान्यात ती तयार होई आणि १९७४पासून ‘पद्मिनी’ म्हणून विकली जाई.

तिचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. त्याचे मूळ १९३७च्या फियाट ५०८ सी या मोटारीत आहे. त्याच इंजिनाला जास्त ताकद देऊन इटलीत चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स कार घडली. १९४७च्या मिल्ले मिलिया शर्यतीत पन्नाशी ओलांडलेले शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी चिसितालिया चालवत दुसरे आले! मोटार-रचनाकार पिनिनफरिना यांनी घडवलेली २०२ची बंद छताची कूपे आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. साध्या कुटुंबाच्या गाडीतून इतकी देखणी, वेगवान गाडी उभी करणे, हेच मला या इटालियन कारागिरीचे खरे मोठेपण वाटते.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. गावाकडे कुणाच्या वाड्यात जुनी फियाट धूळ खात असेल, तर तिला भंगारात घालू नका. जाणत्या मेकॅनिकला एकदा दाखवा.