स्नेहमेळाव्याची ओढ आणि धास्ती

माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा म्हणजे एका तुकडीने अनेक वर्षांनी पुन्हा एकत्र येणे. बारामती-इंदापूर भागात दहावीच्या बॅचचे असे मेळावे दिवाळीत किंवा मे महिन्यात सोयीचे पडतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेले तेव्हा गावी येतात.  

येण्यामागे स्मृतीचे बळ असते. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी उतारवयातही ठळक राहतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी बाह्रिक व सहकाऱ्यांनी १९७५ साली ३९२ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळा सोडून सुमारे ३५ वर्षे झालेल्यांनीही वर्गमित्रांचे जवळपास ९० टक्के चेहरे ओळखले.

टाळण्यामागे बहुधा तुलना असते. माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो, असे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ साली मांडले. म्हणूनच एका बाकावर बसलेल्याची बढती परक्याच्या श्रीमंतीपेक्षा अधिक बोचते. कर्ज, आजारपण, शाळेत झालेला अपमान यांनीही पाय अडखळतो. लग्नानंतर आडनाव आणि गाव बदललेल्या मुलींपर्यंत तर अनेकदा निमंत्रणच पोहोचत नाही.

वर्गणी ऐच्छिक ठेवली आणि ओळख करून देताना हुद्दा विचारला नाही, तर हा संकोच बराच कमी होतो.