विज्ञानपरिषदा आणि स्त्रिया : सातारा-सांगलीकडून एक आढावा

इ. स. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत होत्या, आणि आणीबाणीच्या त्या दिवसांत त्यांनी दाखविलेल्या निर्भयतेची कथा सातारा जिल्ह्यात अद्याप सांगितली जाते. परंतु त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी यांच्या रूपाने भारतीय विज्ञान काँग्रेसला पहिली स्त्री अध्यक्ष लाभली, हे आपल्याकडील सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांच्या स्मरणात असेल. १९१४ साली कलकत्त्यास पहिले अधिवेशन भरविणाऱ्या त्या संस्थेला एवढ्या निवडीस ६१ वर्षे लागली. पश्चिमेकडेही याहून निराळे घडले असे म्हणता येणार नाही. गणितज्ञांच्या जागतिक परिषदेत एमी नोएथर यांनी १९३२ साली झुरिक येथे मुख्य व्याख्यान दिले, त्यानंतर तो मान दुसऱ्या स्त्रीस, म्हणजे कॅरन उलेनबेक यांस, मिळावयास १९९० साल उजाडावे लागले.

दुर्गाबाईंच्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला, तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो केवळ स्त्री म्हणून फेटाळला, आणि कमलाबाईंच्या आग्रहापुढे नमते घेऊन प्रवेश दिला तोही पहिले वर्ष कसोटीवर राहण्याच्या अटीने. त्या कसोटीस उतरून त्यांनी पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. तो अन्याय ढळढळीत होता, परंतु उघडही होता. नकार देणारी व्यक्ती, तिचे दालन आणि तिच्या अटी समोर असल्यामुळे त्यांच्याशी झगडता येत होते. आजच्या परिषदांतील विषमतेस असा दृश्य धनी नाही. स्त्रीला कोणी नाकारीत नाही. तिची केवळ आठवण होत नाही. नकाराविरुद्ध दाद मागता येते, पण आठवणच न होण्याविरुद्ध कोणत्या कचेरीत अर्ज करावा?

आपल्या प्रांतात स्मरणयोग्य नावांची वाण होती, असे मात्र म्हणता येत नाही. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९४७ साली दिल्लीच्या विज्ञान काँग्रेसमध्ये मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद भूषविले. आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील दोन महत्त्वाच्या पाहण्या सातारा जिल्ह्यातीलच आहेत. वाढत्या फलटण शहराचा व भोवतालच्या मुलखाचा अभ्यास त्यांनी जयंत रणदिवे यांच्यासह १९६५ साली प्रसिद्ध केला, तर कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी आपली कन्या जाई निंबकर यांच्या साहाय्याने १९६९ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रकाशित झाली. त्याच फलटणास १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. नंदिनी निंबकर यांनी करडईसारख्या पिकांवर काम केले, आणि डॉ. चंदा निंबकर यांनी बंगालच्या गॅरोल मेंढीतील जुळी कोकरे देणारा आनुवंशिक गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध केला. ज्या विज्ञानाचा लाभ धनगराच्या वाड्यावर कोकरांच्या रूपाने मोजता येतो, त्याच्या कर्त्या येथेच होत्या.

विद्येची साधनेही येथे पुरातन आहेत. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली तीही त्याच वर्षी. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, आणि या दोन्ही जिल्ह्यांस आपल्या छत्राखाली घेणारे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. विज्ञानशाखांच्या वर्गांत आज मुलींची रांग मुलांपेक्षा आखूड राहिलेली नाही. देशभरच्या उच्च शिक्षणातही विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के सांगितले जाते. परंतु संशोधनाच्या कार्यात प्रत्यक्ष गुंतलेल्यांची शासकीय गणती पाहावी, तर स्त्रिया २० टक्क्यांच्या आतच आढळतात, आणि परिषदेच्या व्यासपीठापर्यंत येता येता ही ओळ आणखी विरळ होते.

म्हणून परिषदेतील सहभाग केवळ हजेरीपटावरून मोजणे फसवे ठरते. श्रोत्यांत, भित्तिपत्रकांच्या दालनात, नोंदणीच्या मेजावर, स्वागतगीतात आणि सूत्रसंचालनात स्त्रिया विपुल असतात. शोधनिबंध वाचणाऱ्यांत त्या कमी होतात, निमंत्रित वक्त्यांत त्याहून कमी, आणि बीजभाषण व सत्राध्यक्षपद येथे पोहोचेतो पुष्कळदा एखादेच नाव उरते. निमंत्रणपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी संयोजन समितीच्या बैठकीत जी फेरिस्त तयार होते, तीत प्रत्येक सभासद आपल्या परिचितांची, आपल्या मार्गदर्शकांची आणि गतवर्षी ज्यांनी आपणास बोलाविले त्यांची नावे सुचवितो. अशा वहिवाटीने बनलेली यादी कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून पुरुषांची होते.

यात प्रवासाची भर पडते. मिरजेहून रात्रीच्या गाडीने परगावी जाऊन दोन दिवसांचा मुक्काम करावयाचा, तर पुरुष प्राध्यापकास रजेची मंजुरी पुरते. त्याच्या सहकारी बाईंस त्याखेरीज घरची संमती, लेकराचा सांभाळ आणि सुरक्षित निवासाचा बंदोबस्त एवढे दाखले जमवावे लागतात. मग बोलावणे आले तरी ते नाइलाजाने परत जाते, आणि ‘बायका येतच नाहीत’ हा शेरा दप्तरी कायम होतो. सभागृहातही शांततेची सवय लागते. दहा देशांतील ३५ संस्थांच्या व्याख्यानांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण सांगते की, पुरुष श्रोत्याने प्रश्न विचारण्याचा संभव स्त्रीच्या अडीचपट असतो, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला म्हणजे हे अंतर अधिक वाढते.

गुणवत्तेवर निवड व्हावी, स्त्रीपुरुष भेद पाहू नये, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु गुणवत्तेचा शोध ओळखीच्या वर्तुळातच थांबत असेल, तर त्या निवडीस गुणवत्तेचे नाव देता येणार नाही. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अधिवेशनांची तपासणी करणाऱ्या २०१४ सालच्या अभ्यासात असे दिसले की, संयोजकांत एक जरी स्त्री असली, तरी केवळ पुरुषांनी योजिलेल्या सत्रांच्या तुलनेत स्त्री वक्त्यांचे प्रमाण ७२ टक्क्यांनी अधिक भरले. त्या एका सभासदामुळे विदुषी नव्याने जन्मास आल्या नाहीत. असलेल्यांची आठवण झाली, इतकेच.

नागपूरच्या २०२३ सालच्या विज्ञान काँग्रेसने स्त्री-सक्षमीकरण हा आपल्या मुख्य विषयाचा भाग केला, हे योग्यच झाले. परंतु घोषवाक्यांपेक्षा समितीचे कामकाज बदलणे अधिक उपकारक होय. आमच्या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी प्रत्येक परिषदेच्या संयोजन समितीत स्त्री प्राध्यापकांना नावे सुचविण्याचा अधिकार द्यावा, केवळ स्वागताचा नव्हे. लहान मुलासह येणाऱ्या वक्तीच्या निवासाची व सांभाळाची तरतूद अंदाजपत्रकातच करावी. प्रश्नोत्तरांस पुरेसा वेळ ठेवून पहिला प्रश्न एखाद्या विद्यार्थिनीकडून मागवावा. आणि वक्ते व सत्राध्यक्ष यांत स्त्रिया किती होत्या, हा आकडा वार्षिक अहवालात छापावा. यांपैकी एकाही गोष्टीस दिल्लीचा हुकूम लागत नाही; प्राचार्यांची सही पुरते.